युद्धाची गोष्ट मुलांच्या हातात देताना: सहावी ते आठवीच्या नवीन शिक्षकांसाठी

शाळेत नवीन लागलात की दोन-तीन महिन्यांत कुणीतरी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली तुमच्या हातात देतंच, आणि मग मधल्या सुट्टीत सातवीतली चार पोरं कपाटासमोर येऊन उभी राहतात, "मॅडम, लढाईचं पुस्तक आहे का?" मी कोल्हापूरजवळच्या एका सेमी इंग्लिश शाळेत शिकवते आणि हा प्रश्न मला दरवर्षी येतो, दरवर्षी मला तेवढाच आनंद होतो, कारण जी मुलं एरवी पुस्तकाला हात लावत नाहीत ती सुद्धा लढाईच्या नावाने कपाटापर्यंत येतात. पण इथेच घाई होते. हाताला लागेल ते पुस्तक आपण देऊन टाकतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, तुम्हाला पहिल्या वर्षीच उपयोगी पडावं म्हणून.

आधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या की आपण ही पुस्तकं कशासाठी देतोय. इतिहासाच्या पुस्तकात सन असतो, तह असतो, सेनापतीचं नाव असतं, आणि त्याच साली दप्तर घेऊन शाळेत निघालेली बारा वर्षांची मुलगी मात्र त्यात कुठेच नसते, ती कादंबरीत असते. आमच्या मुलांना युद्ध माहिती आहे ते मोबाइलवरच्या गेममधून, तिथे मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात परत लॉबीत येऊन उभा राहतो. कादंबरीतला मेलेला भाऊ परत येत नाही, पुढची पन्नास पानं घरात त्याची जागा रिकामी असते. मला मुलांना तिथपर्यंत न्यायचं असतं, आणि तिथे पोचल्यावर त्यांना एकटं सोडायचं नसतं.

पहिलं काम: स्वतः वाचा, शेवटच्या पानापर्यंत

हे सांगायला लागू नये पण सांगते, कारण मी हे एकदा केलं नाही. एका पुस्तकाची सुरुवातीची साठेक पानं वाचली, छान वाटलं, आणि सातवीतल्या एका मुलीला दिलं. तिचे वडील फौजेत, तेव्हा पोस्टिंग बॉर्डरवर होतं, हे मला माहिती होतं आणि तरी ते माझ्या लक्षात आलं नाही. दोन आठवडे पुस्तक परत आलं नाही. आलं तेव्हा आत एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं होतं, एकसष्टाव्या पानावर, आणि पुढच्या पानावर गोष्टीतल्या मुलाच्या घरी तार येते. तिने पान उलटलं, वाचलं आणि पुन्हा मागे येऊन खूण तिथेच ठेवली, पुढे गेलीच नाही. मला काही बोलली नाही, "वाचलं मॅडम" एवढंच म्हणाली. त्यानंतर मी पूर्ण न वाचलेलं एकही पुस्तक कपाटाबाहेर काढलेलं नाही.

वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अगदी बारीक अक्षरात तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठल्या पानावर कोण मरतं किंवा काही भयंकर घडतं, कुठले शब्द मुलांना अडतील, आणि कुठली गोष्ट लेखकाने रचलेली आहे असं वाटतं. यातली तिसरी यादी पुढे सगळ्यात कामाला येते, तिच्याबद्दल खाली बोलते.

मग मूल बघा

इयत्ता बघून पुस्तक देऊ नका, सातवीच्या एकाच वर्गात पाचवीचं वाचणारी आणि दहावीचं वाचणारी अशी दोन्ही मुलं बसलेली असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर. आमच्या कोल्हापूर-सातारा भागात फौजी घरं खूप, साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी आहे. कुणाचे वडील ड्यूटीवर आहेत, कुणाच्या घरी गेल्या वर्षभरात कोणी गेलंय, कुणाला घर सोडून दुसरीकडे यावं लागलंय, हे वर्गात हात वर करायला लावून विचारायचं नाही, आधीच्या वर्गशिक्षकांना विचारा, त्यांना सगळं माहिती असतं. आणि नेहमी दोन पुस्तकं समोर ठेवा, एक जड, एक हलकं, निवड मुलाला करू द्या. "हे तुझ्यासाठी नाही" असं तोंडावर सांगितलं की मूल तेच पुस्तक कुठूनतरी मिळवतं आणि मग एकटंच वाचतं.

कुठून सुरुवात करायची

माझं ठाम मत आहे की सुरुवात रणांगणावरून करू नये. युद्ध आधी स्वयंपाकघरात, शाळेत, रेल्वे स्टेशनवर दिसू द्यावं. म्हणून सहावीला मी 'तोत्तोचान' देते. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक १९८१ मध्ये जपानीत आलं, मराठीत सहज मिळतं, आणि खरं तर ही कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण मुलं गोष्ट म्हणूनच वाचतात. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा, जेवणाच्या डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी आणायचा नियम, यात मुलं इतकी रमतात की युद्ध जवळ येतंय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मग एके ठिकाणी स्टेशनवरचं कॅरॅमलच्या गोळ्यांचं मशीन येतं, नाणं टाकायचं आणि गोळ्यांचं पाकीट बाहेर यायचं, पण मशीन रिकामं आहे. मी तिथे थांबते आणि विचारते, का रिकामं असेल? कोणी म्हणतं बिघडलं असेल, कोणी म्हणतं मालकाने भरलं नसेल. दोन-तीन मिनिटांनी मागच्या बाकावरून येतंच, "साखर संपली काय मॅडम? लढाई चाललीय म्हणून?" साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्या पोरांना साखर संपते म्हणजे काय हे समजायला जरा वेळ लागतो, पण समजलं की ते डोक्यातून जात नाही. शेवटी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळते, आणि मुख्याध्यापक जळणाऱ्या शाळेकडे बघत पुढची शाळा कशी बांधायची ते बोलत असतात. ते पान मी स्वतः मोठ्याने वाचते, मुलांना वाचायला देत नाही.

त्यानंतर सादाको. एलिनॉर कोअर यांचं हजार कागदी बगळ्यांचं छोटं पुस्तक १९७७ चं आहे, इंग्रजी सोपं आहे, सेमीची सातवीची मुलं दोन दिवसांत संपवतात. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती, वाचली, मोठी झाली, शाळेच्या रिले टीममध्ये धावायची, आणि बाराव्या वर्षी ल्युकेमियाने, म्हणजे बॉम्बच्या किरणांमुळे झालेल्या रक्ताच्या कॅन्सरने गेली, २५ ऑक्टोबर १९५५ ला. म्हणजे युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. हे "संपल्यावर" मुलांना फार लागतं, कारण त्यांच्या डोक्यात युद्धाला शेवटची तारीख असते. बऱ्याच शाळांत ६ ऑगस्टला कागदाचे बगळे करतात, ते करायचे तर करा, पण आधी पुस्तक वाचून मग करा, नाहीतर तो नुसता कार्यानुभवाचा तास होतो.

ज्या मुलांना जनावरांचा लळा आहे त्यांच्यासाठी मायकल मॉर्पर्गो यांचं 'वॉर हॉर्स', १९८२ चं. पहिल्या महायुद्धात लष्कराला विकलेला जोई नावाचा घोडा स्वतःच गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या ज्या मुलाने घरचा बैल बाजारात विकताना बघितलाय त्याला पहिल्या काही प्रकरणांत काहीही समजावून सांगावं लागत नाही.

सातवी-आठवीसाठी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक मात्र लोइस लॉरी यांचं 'नंबर द स्टार्स', १९८९ चं, त्याला पुढच्या वर्षी न्यूबेरी हे अमेरिकेतलं बालसाहित्याचं पदक मिळालं. डेन्मार्क, १९४३. दहा वर्षांची ॲनमरी आणि तिची ज्यू मैत्रीण एलेन. ज्यूंना शोधत जर्मन सैनिक रात्री घरात येतात तेव्हा एलेनच्या गळ्यात ज्यूंच्या चांदणीचं लॉकेट असतं, ते निघत नसतं, ॲनमरी ते हिसकून तोडते आणि मुठीत घट्ट धरून उभी राहते, आणि सैनिक गेल्यावर मूठ उघडते तर तळहातावर चांदणी उमटलेली असते. हे वाचून झालं की मी काही बोलत नाही. मुलं आपोआप स्वतःच्या मुठी वळून, उघडून बघतात. एकदा एका मुलाने कंपासमधलं गुण्या घट्ट धरून तळहातावर तो कोपरा उमटेपर्यंत दाबला आणि शेजारच्याला दाखवला. त्या तासाला मला वेगळं शिकवायला काहीच उरलं नव्हतं.

जर्मनांपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, ॲन फ्रँकची डायरी द्यायचीच, पण मी ती कादंबऱ्यांच्या नंतर देते आणि देताना सांगते की यातलं काहीही रचलेलं नाही, ही मुलगी होती, तिला ही वही तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ ला मिळाली, आणि ती १९४५ च्या सुरुवातीला नाझींच्या कैद्यांच्या छावणीत वारली. हे आधी सांगावं की नंतर, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी आधी सांगते. शेवट लपवून मुलाला धक्का द्यायचा हे मला पटत नाही.

आणि एक पुस्तक मी देत नाही, ते म्हणजे 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज', नाझी छावणीच्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि कुंपणाआडचा नऊ वर्षांचा ज्यू मुलगा यांच्या मैत्रीची गोष्ट. पालक विचारतात, कारण सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, आणि गोष्ट डोळ्यांत पाणी आणते हे खरंच आहे. पण ऑशविट्झ या नाझी छावणीच्या जागी असलेल्या म्युझियमनेच २०२० मध्ये सांगितलं की ज्यूंच्या संहाराचा विषय शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. कारण साधं आहे, तिथे आणलेल्या त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना आल्या आल्याच मारलं जायचं, कुंपणाला रोज निवांत येऊन गप्पा मारत बसणं शक्यच नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाला याहून आधीचं काही माहिती नसतं, त्याच्या डोक्यात हेच चित्र कायमचं बसतं. एखाद्याने घरून वाचून आणलं तर रागवू नका, त्याच्याशी हेच बोला.

पुस्तक हातात द्यायच्या आधीचा एक तास

फळ्यावर नकाशा काढा, तुम्हाला येतो तसा. 'नंबर द स्टार्स' असेल तर डेन्मार्क, स्वीडन आणि मधलं पाणी. सगळ्यात अरुंद जागी हे पाणी साधारण ४ किलोमीटर आहे, समोरचा किनारा डोळ्यांनी दिसतो. आमच्या मुलांनी सहलीत गेटवेवरून घारापुरीची लाँच घेतलेली असते, तिला तासभर लागतो, मी म्हणते त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर, आणि तिकडे, युद्धात नसलेल्या स्वीडनमध्ये गेलं की जीव वाचणार आणि इकडे राहिलं की नाही. जर्मनांनी डेन्मार्क ९ एप्रिल १९४० ला घेतला, ऑक्टोबर १९४३ मध्ये ज्यूंना पकडायचं ठरलं, ते आधीच फुटलं आणि कोळ्यांच्या होड्यांतून सात हजारांवर माणसं पलीकडे गेली. एवढं सांगितलं की बास. पूर्ण दुसरं महायुद्ध शिकवायला घेऊ नका, तास संपेल आणि पुस्तक बाजूलाच राहील.

मग पहिली दहा-बारा पानं तुम्ही वाचायची. मोठ्याने, सावकाश, नाटकीपणा न करता. ऑफ तास मिळाला तर उत्तम, नाहीतर शनिवारची सकाळची शाळा. आणि थांबायचं कुठे हे आधीच ठरवून ठेवा, दार वाजलंय आणि अजून कोणी उघडलेलं नाही अशा जागी. पुस्तक बंद करून टेबलावर ठेवा आणि हजेरी घ्यायला लागा. मधल्या सुट्टीत ते टेबलावर राहत नाही.

खरं काय, रचलेलं काय: हे सोडू नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. ऐतिहासिक कादंबरीत खरं आणि रचलेलं एकत्र मळलेलं असतं, कणकेत मीठ मिसळावं तसं, आणि मुलाला ते वेगळं करता येत नाही, मोठ्यांनाही येत नाही. म्हणून मी एक वही करते, दोनशे पानी, वर्गाची एकच. मधोमध रेघ, डावीकडे "पुस्तकात असं आहे", उजवीकडे "शोधल्यावर असं सापडलं". कोणीही लिहावं, खाली फक्त तारीख आणि कुठे सापडलं ते लिहायचं.

सादाकोपासून सुरुवात करा कारण ते एकदम स्वच्छ उदाहरण आहे. हजार बगळे केले की इच्छा पूर्ण होते अशी तिकडे समजूत, म्हणून आजारी सादाको ते करत असते. पुस्तकात तिचे ६४४ बगळे होतात आणि ती जाते, बाकीचे ३५६ वर्गातली मुलं करतात. हिरोशिमाचं म्युझियम आणि तिच्या घरचे सांगतात की तिने हजार कधीच पार केले होते आणि पुढेही करतच होती, औषधाच्या पुड्यांचे कागद जपून ठेवून त्यांचे करायची. मग मुलांना विचारा, लेखिकेने आकडा का बदलला असेल? आमच्या आठवीत यावर अख्खा तास भांडण झालं. एक गट म्हणाला अपुरं राहिलं तर जास्त वाईट वाटतं आणि मग मित्रांनी पूर्ण केलं हे छान वाटतं म्हणून. दुसऱ्या गटातली एक मुलगी चिडली होती, म्हणाली हजार पूर्ण करूनही ती बरी झाली नाही हेच जास्त वाईट आहे, ते का लपवलं? मला आजही त्या मुलीचं बरोबर वाटतं.

'नंबर द स्टार्स'मध्ये उलटी गंमत आहे. होडीत लपलेल्या माणसांचा वास घेणाऱ्या जर्मनांच्या कुत्र्यांचं नाक बधिर करणारा रुमाल मुलांना शंभर टक्के खोटा वाटतो, आणि तोच खरा निघतो, सशाचं वाळवलेलं रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल कोळी खरंच वापरायचे. हे लेखिकेने मागे मनोगतात लिहिलंय. मुलं मनोगत वाचत नाहीत, त्यांना वाटतं गोष्ट संपली म्हणजे पुस्तक संपलं. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, मागचं मनोगत म्हणजे लेखकाने स्वतः दिलेली गाइड आहे. जर्मन ज्यूंना ओळखीसाठी कपड्यावर लावायला लावत ती पिवळी चांदणी डेन्मार्कच्या राजानेही लावली होती अशी जी गोष्ट नेटवर फिरते ती मात्र दंतकथा आहे, डेन्मार्कमध्ये ज्यूंवर चांदणी लावायची सक्तीच झाली नव्हती. हे मुलांनीच वहीत उजवीकडे लिहिलं पाहिजे, तुम्ही सांगू नका, शोधू द्या.

मग घरच्या इतिहासाकडे या, इथे जरा धीर लागतो. सातवीत मराठ्यांचा इतिहास असतोच, त्यामुळे हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' किंवा गोनीदांच्या शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्यांतली एखादी घ्यावी, भाषा अवघड जाते, पण प्रकरणं निवडून वाचली तर मुलं खिळून बसतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले आणि गड घेतला, हे खरंच. घोरपड? सभासदाच्या बखरीत मावळे कड्यावरून वानरासारखे चढले असं आहे, घोरपड नाही. आणि तानाजींमुळे कोंढाण्याचं सिंहगड झालं म्हणावं तर १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच सापडतं. हे सांगितल्यावर पहिल्यांदा वर्गात शांतता झाली आणि एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, म्हणजे सगळं खोटं? त्याला मी विचारलं, सगळ्यात आधी चढणाऱ्या मावळ्यांना दोरी नाही, घोरपड नाही, अंधारात नुसत्या हाता-पायांनी कडा चढायचा, हे सोपं की अवघड? तो विचार करून म्हणाला, जास्त अवघड. तानाजी कमी झाले का मग? नाही मॅडम. हे संभाषण तुम्हालाही करावं लागणार आहे, तेव्हा तयारी ठेवा, आणि हसू नका, त्या वयात हे फार गंभीर असतं.

याच पुस्तकांच्या वेळी आणखी एक सांभाळा. वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. "मुघलांची फौज", "विजापूरची फौज" असंच म्हणा, "ते लोक" म्हणू नका, आणि कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. कोंढाण्यावर मुघलांचा किल्लेदार उदेभान राजपूत होता, आणि पानिपतात, १४ जानेवारी १७६१ ला, मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारदी सांभाळत होता आणि त्याने शेवटपर्यंत साथ सोडली नाही. हे वर्गात नावानिशी सांगा. गेल्या वर्षी हे ऐकून तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा ताठ बसला होता, मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही, पण मला दिसलं.

प्रश्न कसले विचारायचे

स्वाध्याय देऊ नका. "या कादंबरीतून काय बोध मिळतो" हा प्रश्न तर अजिबात नको, सगळ्यांकडून एकच उत्तर येतं, युद्ध वाईट असतं, आणि पुस्तक तिथेच मरतं. मी वस्तूंची यादी करायला लावते. गोष्टीत कोणाच्या खिशात काय होतं, ताटात काय होतं, घर सोडताना काय घेतलं आणि काय राहिलं. मग विचारते, तुला आत्ता दहा मिनिटांत घर सोडायचंय, एक पिशवी, काय घेशील? मोबाइल सगळे लिहितात. दुसऱ्या फेरीत चार्जर कुठे लावणार असं कोणीतरी दुसरं मूलच विचारतं आणि तिथून खऱ्या याद्या सुरू होतात. एकाने लिहिलं होतं, आजीचा चष्मा, कारण ती घाईत विसरणार.

एखादं मूल वाचता वाचता गप्प झालं तर सगळ्यांसमोर विचारू नका. दुसऱ्या दिवशी काहीतरी काम सांगून बाजूला बोलवा, वह्या न्यायला वगैरे, आणि नुसतं विचारा कुठल्या पानावर आहेस. पान सांगितलं की तुमच्या पेन्सिलच्या यादीवरून तुम्हाला कळतं काय झालं असेल. "नको वाचू मग" असं लगेच म्हणू नका, "पुढचं मी सांगू का तुला?" असं विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. ऐकलं की पुढे वाचतात. नाही वाचलं तरी चालतं, अर्धं सोडलेल्या पुस्तकाचा दंड कधी घेऊ नका.

पालकांचं म्हणाल तर दोन तऱ्हेच्या तक्रारी येतात. अभ्यास सोडून गोष्टी कशाला, आणि मुलांना असलं भयंकर कशाला. दोन्हीला मी वाद घालत नाही, पुस्तकच घरी पाठवते, चिठ्ठी लावून, आधी तुम्ही वाचा. यातल्या निम्म्या आया पुस्तक वाचून स्वतः शाळेत आल्यात.

आपल्या गावाजवळचं युद्ध शोधा

मुलांना वाटतं महायुद्ध म्हणजे तिकडे, आपल्याशी काय संबंध. आमच्या इथे तर संबंध बसच्या खिडकीतून दिसतो. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९४० पासून रशियन सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथे, पंचगंगेच्या काठच्या मुलखात आली. त्यांच्या शाळा होत्या इथे, चर्च होतं, स्काउट होते. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली आणि तिथेच आजचं गांधीनगर उभं राहिलं. लग्नाचं कापड घ्यायला आमची सगळी मुलं आई-वडिलांबरोबर गांधीनगरला गेलेली असतात! एकाच जागी आधी युद्धातून आणि मग फाळणीतून उखडलेली माणसं येऊन राहिली आणि आपण तिथे साड्या बघत फिरतो, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आठवीला मी मग कथा लिहायला लावते, नियम दोनच: जागा, साल, छावणी खरी पाहिजे, माणूस तुम्ही रचायचा, आणि शेवटी मनोगत लिहून काय खरं काय रचलेलं ते सांगायचं. एका मुलीच्या कथेत पोलिश मुलगी पहिल्यांदा कैरी खाते, मीठ-तिखट लावून, आणि आईला विचारते हे सफरचंद इतकं आंबट का. मनोगतात तिने लिहिलं होतं: "छावणी खरी आहे. कैरी मी घातली आहे, पण मे महिन्यात ती आली असेल तर खाल्लीच असणार." 

तुमच्या भागात वळिवडे नसेल, दुसरं काहीतरी असेलच. मुंबईच्या शाळांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट आहे, अग्निशमन सप्ताह त्याच तारखेला का सुरू होतो ते मुलांना शोधू द्या. रायगडात माणगावच्या बाजूला असाल तर यशवंत घाडगे आहेत, इटलीत १० जुलै १९४४ ला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. नगरकडे नामदेव जाधव, एप्रिल १९४५, इटलीच, व्हिक्टोरिया क्रॉस. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाला किती जण गेले त्याची दगडी पाटी आहे, पोरं रोज तिच्या खाली गोट्या खेळतात. पाटीचा फोटो काढून आणायला सांगा, आकडे वाचायला सांगा. गावात कोणी ऐंशी-नव्वदीतलं असेल तर त्यांच्याकडे तीन मुलं पाठवा, जास्त नको, आणि प्रश्न लिहून नेऊ द्या: तेव्हा रेशनवर काय मिळायचं, कोण कोण गेलं, पत्र कोण वाचून दाखवायचं.

कॉप्या आणि वेळापत्रक

बहुतेक शाळांत एका पुस्तकाची एकच कॉपी असते. चाळीस मुलांना ती पुरवायची तर वर्गात मोठ्याने वाचन हाच रस्ता, आणि उरलेल्यांसाठी आठ-आठ दिवसांची पाळी, पाळीची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. झेरॉक्स काढून वाटू नका, त्यापेक्षा गावातल्या माजी विद्यार्थ्यांना एक-एक कॉपी मागा, लोक देतात. जूनमध्ये सुरू करू नका, मुलं अजून तुम्हाला ओळखत नसतात. ऑगस्टमध्ये सादाको, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला 'नंबर द स्टार्स'ची पहिली पानं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घरी जातं, आणि फेब्रुवारीत सिंहगड. वही मात्र पहिल्या पुस्तकापासून उघडी ठेवा, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, पेन दोरीने बांधून, कारण पेन राहत नाही.